घरी बसलेल्या मुलाच्या हातची भाकरी

‘घरी बसलाय’ हे दोन शब्द आपल्याकडे शिवीसारखे वापरले जातात. नोकरी गेलेल्या किंवा अजून न मिळालेल्या मुलाबद्दल कुणी विचारले, की आई खालच्या आवाजात सांगते, “काही नाही, घरीच आहे.” या महिन्यात आम्ही अशा मुलांविषयी आणि त्यांच्यातल्या काहींना घरी बसल्यावर लागलेल्या स्वयंपाकाच्या गोडीविषयी लिहीत आहोत. शिक्षकी पेशामुळे ही मुले आम्ही फार जवळून पाहिली आहेत.

डी.एड., बी.एड. करून बसलेल्यांची गोष्ट वाचकांना नवी नाही. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने राज्यातली शिक्षक भरती थांबली. पवित्र पोर्टलसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि दुसरी थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. या दोन चाचण्यांच्या मधल्या पाच वर्षांत किती तरी मुलांची लग्ने लांबली. कुणी विनाअनुदानित शाळेत नाममात्र पगारावर राबले, कुणी पुण्याला जाऊन मिळेल ते काम धरले. त्यातच 2020 साल उजाडले. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली आणि जे थोडेफार हातात होते तेही गेले. 25 एप्रिलला पहिला रोजा आणि 25 मेला ईद, म्हणजे अख्खा रमजान घरात गेला.

त्या काळात जगभर माणसे चुलीकडे वळली होती. ब्रिटनमध्ये लोकांनी घरी पाव भाजायचा असा सपाटा लावला की दुकानातले पीठ संपले. खरे तर देशात पीठ भरपूर होते, पण ते बेकऱ्यांना जाणारे होते. घरगुती वापराच्या दीड किलोच्या पिशव्या भरणारी यंत्रेच कमी पडली. आपल्याकडे पीठ होते, पण बेकरी बंद आणि हातात पैसा नाही.

आमच्या ईटमधल्या एका मुलाची हकीकत त्याला विचारूनच सांगतो, नाव मात्र घेत नाही. डी.एड. झालेला. पुण्यातली खासगी शाळेतली नोकरी सुटली आणि तो गावी परतला. आईचे गुडघे धरलेले, बहीण सासरी. सहेरीला सहा माणसांचा स्वयंपाक. पहिले दोन-तीन दिवस तो नुसता भांडी उचलत होता. एका पहाटे आई उठलीच नाही तेव्हा त्याने परातीत ज्वारीचे पीठ घेतले, गार पाण्याने मळले आणि भाकरी थापायला गेला तर तिचे चार तुकडे. आईने पलंगावरूनच सांगितले, “बाबू, पानी उबाल के डाल.” ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून पीठ ताणले जात नाही. कढत पाणी पडले की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी चिरत नाही. आठवड्याभरात त्याची भाकरी तव्यावर टम्म फुगायला लागली. घरात असे कौतुक झाले, जणू तो परीक्षा पास झाला.

मग त्याला भाजण्याचा नाद लागला. पूर्वी ईदेच्या आधी आपल्या घरचा मैदा, साखर, तूप डब्यात घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीतून नानखटाई भाजून आणायची, ही रीत अनेक घरांत होती. त्या वर्षी भट्टी बंद. त्याने मोठ्या कढईत जाड मीठ पसरले, वर तिवई ठेवली, झाकण लावून दहा मिनिटे तापवली आणि आत ताटली सरकवली. वजनाने मैदा दोन भाग, पिठीसाखर एक भाग, तूप एक भाग, थोडा रवा, वेलची. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. पहिला घाणा गरम असताना मऊ लागला म्हणून पुन्हा आत ठेवला, तर करपला. नानखटाई गार झाल्यावरच खुसखुशीत होते, हे तेव्हा कळले. सोड्याला फसफसायला दह्यासारखे आंबट काही लागते आणि बेकिंग पावडरमध्ये ते आधीच मिसळलेले असते, हेही त्याने असेच करून पाहून शिकले.

नानखटाईची एक कहाणीही इथे सांगण्यासारखी आहे. सुरतेला डच लोकांची बेकरी होती. डच गेले तेव्हा ती त्यांच्याकडे काम करणाऱ्या दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली. पण पाव खाणारे गिऱ्हाईकच निघून गेले होते आणि पाव ताडीने फुगवलेला म्हणून गावातले बरेच लोक तो घेत नव्हते. धंदा बसत चालला तेव्हा त्यांनी वाळवलेल्या पावाचा खपली-बिस्किटासारखा खाऊ विकला आणि पुढे नानखटाई काढली, असे सांगतात. आपल्या ईदेच्या ताटातला हा जिन्नस अशा पडत्या काळातून आलेला आहे.

बेकार माणसाचा नुसता पगार जात नाही, त्याच्या दिवसाचा आकार जातो. सकाळी कशासाठी उठायचे आणि संध्याकाळी काय झाले म्हणायचे, हे त्याला उमगत नाही. अर्ज भरला तर उत्तर सहा महिन्यांनी, तेही आले तर. स्वयंपाकाचे तसे नसते. अकरा वाजता दालच्याची डाळ शिजायला टाकली तर एक वाजता पाच माणसे पोटभर जेवतात. आपल्या हातून काही तरी नीट झाले आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडले, हे त्याच दिवशी दिसते. खचलेल्या मनाला याचा मोठा आधार असतो.

पण आपल्या घरांत या आधाराची टिंगल होते. त्या मुलाच्या एका चुलत्याने विचारलेच, “डी.एड. इसके वास्ते किया क्या?” अशांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, रसूलुल्लाह (स.) घरी काय करत असत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी जात. सहीह बुखारीतली ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन दस्तरखानावर बसून हाक मारतो, “पानी लाव!”

याची दुसरी बाजूही आहे. मुलाच्या भाकरीची गल्लीत वाहवा झाली तेव्हा त्याची आई हसत म्हणाली, “मैं तीस बरस से पका रई, मेरी तो कबी वाहवा नईं हुई.” बोलणे हसण्यावारी गेले, पण ते खरे होते. मुलाने केले तर हुन्नर आणि आईने केले तर रोजचेच, हा हिशेब बरोबर नाही. त्या मुलाला ते समजले, ही आमच्या दृष्टीने त्या रमजानची मोठी कमाई. टाळेबंदी उठल्यावरही सकाळच्या भाकरी त्याच्याकडेच राहिल्या.

आता पैशाचे. गोडी लागली की लगेच सगळे म्हणतात, “मग धंदाच का नाही करत?” आमचे म्हणणे, घाई करू नका. आपला भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो, कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो आणि तोवर हात थांबवता येत नाही. नुसत्या हौसेवर हे काम रोज होत नाही. विकायचेच असेल तर मैदा-तुपाबरोबर गॅस, डबा आणि आपली मेहनत यांचाही हिशेब वहीत मांडा. घरगुती असले तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. ते कर्जाला जोडलेले असते, म्हणून सध्याचे नियम तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. व्याजाचा प्रश्न ज्यांना सतावतो त्यांनी आधी घरच्या भांडवलावर, थोडक्यात करून पाहावे.

तो मुलगा बेकरीवाला झाला नाही. संध्याकाळी शिकवण्या घेतो, ईदेला आठ-दहा घरांची नानखटाई करून देतो आणि भरतीची वाट अजून पाहतो. नोकरी मिळालीच पाहिजे. ती मागणे सोडून स्वयंपाकात समाधान माना, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. पण नोकरी येईपर्यंतचे दिवसही आयुष्यातलेच असतात.

म्हणून पालकांना विनंती. घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर आठवड्यातला एक दिवस दस्तरखान त्यांच्या हवाली करा. मीठ कमी पडले तर टोमणा न मारता मिठाचे भांडे पुढे सरकवा. आणि जेवण झाल्यावर “चांगले झाले” म्हणा. तेच त्यांच्या आईलाही म्हणा. अल्लाह आपल्या सर्व होतकरू मुलांच्या रोजीत आणि हातात बरकत देवो. आमीन.