परीला लहान कुणी केलं?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बालवाडीचं गॅदरिंग झालं. अकरा मुलींपैकी सात जणींना परी व्हायचं होतं. पुठ्ठ्याचे पंख, चंदेरी कागद, टोकाला चांदणी चिकटवलेली काठी. एकीला मी सहज विचारलं, "परी काय काम करते गं?" ती म्हणाली, "काही नाही. छान दिसते."

ते उत्तर डोक्यातून जाईना. ही पंखवाली परी आली इंग्रजी पुस्तकांतून, म्हणून इंग्रजी 'फेअरी' शब्दाचं मूळ शोधायला बसले. (आपला 'परी' हा शब्द फारसीतून आला. कानाला सारखे वाटले तरी दोन्ही शब्दांचं नातं नाही. गंमत म्हणजे अवेस्तातली 'पइरिका' ही घातकी चेटकीण होती. फारसी काव्यात येईपर्यंत तिची सुंदरी झाली.)

'फेअरी'चं मूळ लॅटिनमधल्या 'फाटुम'मध्ये आहे. फाटुम म्हणजे उच्चारलं गेलेलं, म्हणून अटळ असलेलं. इंग्रजीत नशिबाला 'फेट' म्हणतात तेही त्यातूनच. माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि तोडणाऱ्या बायकांना रोमन लोक या नावाने ओळखत. फ्रेंचमध्ये त्या 'फे' झाल्या आणि बाळाच्या पाळण्याशी येऊन त्याचं भविष्य ठरवू लागल्या. 'फेअरी' हा शब्द तर सुरुवातीला त्यांच्या मायेला, त्यांच्या प्रदेशाला होता. व्यक्तीला नंतर लागला.

मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हालाही सटवाई आठवली असेल. पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपण जिची वाट बघतो, ती. आणि तिच्याच नावाची आपल्या भाषेने काय शिवी केली, तेही आठवलं असेल. नळावरच्या भांडणात 'सटवी' म्हणणारीला आपण भाग्य लिहिणारीचं नाव घेतोय हे ठाऊकही नसतं.

'परीकथा' हे नाव रूढ झालं तेही एका बाईमुळे. मादाम द'ओल्नुआ या फ्रेंच लेखिकेचा 'परींच्या कथा' या नावाचा संग्रह १६९७ साली निघाला. कोवळ्या वयात तिचं लग्न खूप मोठ्या माणसाशी लावून दिलं होतं. पॅरिसमधल्या बायकांच्या बैठकांत या कथा सांगितल्या जात, आणि त्यांतल्या परी राजांना जाब विचारणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या असत. पण त्याच वर्षी शार्ल पेरोचा संग्रह निघाला आणि जगाने लक्षात ठेवलं ते त्याला. पुढे एकोणिसाव्या शतकात रंगमंचाने आणि मुलांच्या चित्रांनी परीला पंख देऊन आणखी नाजूक केलं.

पण ज्याच काळात शहरातल्या घरांतून या गोंडस परी भिंतीवर लागत होत्या, त्याच काळात आयर्लंडमध्ये परींच्या नावाने एक बाई जाळली गेली. ब्रिजेट क्लिअरी. टिपररी परगण्यातल्या बॅलीव्हॅडलीची. कपडे शिवायची, कोंबड्या पाळून अंडी विकायची, स्वतःचे पैसे बाळगायची. मूल नव्हतं. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेला. नवरा म्हणू लागला, ही माझी बायको नाही, परींनी तिला पळवून तिच्या जागी दुसरंच काही ठेवलंय. मग वडील आणि चुलत-मावस भावंडांच्या देखत तिला धरून कडू पाला पाजला, चुलीसमोर धरून पुन्हापुन्हा नाव विचारलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जमिनीवर पाडलं. कपडे पेटले, आणि त्याने वर दिव्याचं तेल ओतलं.

दिव्याचं तेल, म्हणजे रॉकेल. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या कार्यकर्त्यांनी 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांचे जबाब दवाखान्याच्या वॉर्डात बसून ऐकलेत, त्यांना का ते सांगायला नको.

कोर्टात हा खून ठरला नाही, सदोष मनुष्यवध ठरला. वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा भोगून तो १९१० साली सुटला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या प्रकरणावरून आयरिश माणूस किती मागासलेला, याची चर्चा रंगवली. बायकोला मारणारा नवरा त्या चर्चेत हरवूनच गेला. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण झाली की आपल्याकडेही 'अडाणी आदिवासी' असं म्हणून शहर मोकळं होतं. तिची जमीन कुणाला हवी होती, हे कुणी विचारत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा मानतो. पण आमच्या केंद्रावर आलेला नवरा 'भूत' म्हणत नाही. तो म्हणतो, "मॅडम, ती पहिल्यासारखी राहिली नाही." बहुतेक वेळा तिने नुकतीच नोकरी धरलेली असते.

पुढच्या गॅदरिंगला एका मुलीला सटवाई करावं, हातात लेखणी द्यावी, असं मी बालवाडीच्या ताईंना सुचवलंय. त्या म्हणाल्या, "पालक काय म्हणतील?"