रविवारची सहल व चौथी सीट

आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांचे वडील, आणि हल्लीं पुष्कळांच्या आयाही, आठवड्याचे सहा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर जगतात. पहाटेची लोकल चुकली कीं पुढचा सारा दिवस चुकला, अशी या कुटुंबांची स्थिति आहे. मूल निजलेलें असतांना वडील घर सोडतात व तें पुन्हां निजल्यावर परत येतात. पालकसभेस आलेल्या गृहस्थांस त्यांचें मूल कोणत्या तुकडींत आहे हें कधीं कधीं आम्हांसच सांगावें लागतें. आणि यांत त्यांस हंसण्यासारखें कांहीं नाहीं. अशा घरांत रविवार तेवढा उरतो. त्या दिवशीं सहकुटुंब कोठें तरी जाऊन येणें यास आम्ही चैन समजत नाहीं. बापलेकांची ओळख व्हावयास एवढाच दिवस आहे.

आंबिवलीस पूर्वीं अशी स्थिति नव्हती. रेल्वे १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास आली, दुसऱ्या वर्षीं १ मे रोजीं कल्याणास व १८६१ मध्यें कसाऱ्यास पोहोंचली. परंतु रूळ दारावरून गेले म्हणून येथील सर्व माणसें मुंबईकडे धांवूं लागलीं असें झालें नाहीं. शेजारीं मोहन्यास नॅशनल रेयॉनचा, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या 'एनआरसी'चा, कारखाना होता. हजारों कुटुंबांची चूल त्यावर पेटे, आणि पाळी सुटली कीं वसाहतींतला कामगार पायीं घरीं येई. २००९ सालीं तो कारखाना बंद पडला. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा तंटा पुढें वर्षानुवर्षें चालला. त्याची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, एका पिढीचें चालत घरीं येणें त्या वर्षीं संपलें व तिच्या मुलांस गाडी पकडणें भाग पडलें.

तर असा हा बाप रविवारीं मुलांस घेऊन निघतो. कोणी टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनाला, कोणी कल्याणास काळ्या तलावावर, कोणी दादरला मामाकडे, तर कोणी थेट राणीच्या बागेंत. मेगाब्लॉक असला (आणि तो बहुधा रविवारींच असतो!) तर फलाटावर ताटकळण्यापासूनच सहलीस आरंभ होतो. मग गाडी येते, आणि सहा दिवसांची संवय जागी होते. गाडी पुरती थांबण्यापूर्वींच बाप दांडा धरतो, मुलाला काखेखालून आंत लोटतो आणि ओरडतो, "धांव, खिडकी धर!" मूल धांवतें. वाटेंतली एखादी म्हातारी त्याच्या कोपरानें बाजूला होते. खिडकी मिळते व पाठीवर शाबासकीही मिळते. पुढच्या स्थानकावर कोणी टेकूं पाहूं लागला म्हणजे "जागा आहे कोठें?" असें म्हणून मांड्या जरा अधिकच पसरल्या जातात.

चौथी सीट म्हणजे काय हें ज्याला ठाऊक नाहीं असा एकही मुलगा आमच्या शाळेंत नसेल. बांक तिघांचा, चौथ्याचें अर्धें अंग बांकावर व अर्धें वाटेंत. ही जागा कोणत्याही तिकिटावर लिहिलेली नसते. तीन अनोळखी माणसें चार-चार बोटें सरकलीं म्हणजे ती निर्माण होते, आणि सरकलीं नाहींत म्हणजे नसते. नागरिकशास्त्राचा तास आम्ही आठवड्यांतून घेतों व त्यावर गुणही देतों. परंतु त्या दिवशीं वडील सरकले कीं नाहीं हें मुलानें पाहिलेलें असतें, आणि आमचा तास त्यापुढें फारसा टिकत नाहीं, असें आमचें प्रांजळ मत आहे.

यावर पालक म्हणतील, "मास्तर, तुमचें घर शाळेजवळ. एकदां सकाळच्या गाडींत चढून पहा, मग उपदेश करा." हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जातांना दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व निदान चौघे प्राणास मुकले. दारांत लटकून कामावर जाण्याची हौस कोणास असते? कल्याणच्या पुढें आमच्या बाजूला तर दोनच रूळमार्ग. त्यांवरूनच नाशकाकडच्या मेल गाड्या व मालगाड्या जावयाच्या, आणि त्यांस वाट देण्यासाठीं लोकलनें थांबावयाचें. तिसऱ्या मार्गाचें काम कैक वर्षें चाललें आहे. अशा गर्दींत शिरणारा मनुष्य कठोर झाला तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सोमवारचें कोपर आम्ही क्षम्य मानतों. आमची तक्रार रविवारच्या कोपराविषयीं आहे.

येथें कोणी २६ जुलै २००५ ची आठवण देईल. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि लोकांनीं रस्त्यावर अडकलेल्यांस घरांत घेतलें, चहा दिला, निजावयास अंथरूण दिलें. २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हांही सरकारी पथकांबरोबर आसपासचे गांवकरी मदतीस गेले व सुमारें एक हजार प्रवासी सुखरूप बाहेर आले. या गोष्टी आम्हीही प्रार्थनेच्या वेळीं मुलांस सांगतों, व अभिमानानें सांगतों. परंतु मुंबईच्या माणुसकीची जी स्तुति वर्तमानपत्रें करतात ती ऐकून आमचें पुरतें समाधान होत नाहीं. पूर वर्षांनुवर्षांनीं येतो; डबा रोज भरतो. जी माणुसकी जागी व्हावयास ९४४ मिलीमीटर पाऊस लागतो, तिच्यावर मूल कसें वाढवावें?

सहलीचें ठिकाण कोणतें हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. मॉलमध्यें गार हवा खात चौघांनीं चार भ्रमणध्वनींत पाहणें यास पुष्कळ घरीं आतां सहल म्हणतात, व त्यांत पैसाही बराच जातो. पांच-दहा रुपयांच्या तिकिटांत कल्याणास जाऊन दुर्गाडीवर चढतां येतें. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें, आणि या खाडीच्या कांठीं मराठ्यांच्या आरमाराचा विचार रुजला, हें सांगावयास वडिलांस इतिहासाची पदवी लागत नाहीं. तेंही नको असेल तर मोहन्याशीं उल्हासच्या कांठीं जावें. कित्येक महिने तेथें पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरलेला असतो, व दृश्य रम्य नसतें, पण "बाबा, तुमच्या लहानपणीं नदी अशीच होती का?" एवढ्या एका प्रश्नावर संध्याकाळ निघून जाते.

२०२० च्या मार्चअखेरीस लोकल थांबली व सर्वसामान्य प्रवाशांस ती पुढें कित्येक महिने मिळाली नाहीं. कित्येक मुलांस बाप प्रथमच दिवसभर दिसला. शाळा उघडल्यावर एका मुलीनें निबंधांत लिहिलें होतें कीं, आपले बाबा डावखुरे आहेत हें तिला त्या उन्हाळ्यांत कळलें. ती तेव्हां बारा वर्षांची होती.

दिवाळीच्या सुटींत 'माझी सहल' हा निबंध आम्ही दरवर्षीं देतों. वह्यांत आइसक्रीम असतें, पाळणे असतात, माकडें असतात. सहप्रवासी मात्र एकही नसतो. म्हणून या खेपेस विषय बदलला आहे: 'आमच्या बांकावर बसलेलें चौथें माणूस'. शब्दमर्यादा दीडशें. वडिलांस विचारून लिहिल्यास हरकत नाहीं.