पादचारी: यंत्राच्या शब्दकोशातून निसटलेला शब्द

१/ १८ मार्च २०१८, रविवारची रात्र. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक स्त्री हाताने सायकल ढकलीत रुंद रस्ता ओलांडत होती. चाचणीसाठी फिरणारी उबर कंपनीची स्वयंचलित मोटार तिच्यावर आदळली आणि ती मरण पावली. अशा मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली नोंद.

२/ हा भविष्यकाळाचा प्रश्न आहे, असे अनेकांना वाटते. मला त्याची मुळे शंभर वर्षे जुनी दिसतात, म्हणून इतिहासाच्या या थ्रेडमध्ये तो घेतला आहे.

३/ अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ती स्त्री यंत्राला 'दिसली' होती. पण कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल असे तिचे वर्गीकरण बदलत राहिले, आणि दर बदलासरशी तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला गेला. पादचारी ती कधीच ठरली नाही. ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र कोणी रस्ता ओलांडील, ही शक्यताच रचनेत धरलेली नव्हती.

४/ ही कल्पना आली कोठून? १९२३ साली सिनसिनाटीच्या ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली की, मोटारींना ताशी २५ मैलांपलीकडे धावताच येऊ नये असे यंत्र बसवावे. मोटार-व्यावसायिकांनी जंगी प्रचार केला आणि सार्वमतात मागणी फेटाळली गेली. त्याच काळात 'जेवॉकर' हा शब्द रूढ करण्यात आला. यातला 'जे' म्हणजे गावंढळ! १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांवर निर्बंध घालणारा नियम केला आणि इतर शहरांनी तो कित्ता गिरवला. तोवर सर्वांचा असलेला रस्ता मोटारीचा झाला.

५/ (१८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला होता. त्याची आपण थट्टा करतो. पण धोका आणणाऱ्यानेच इशारा द्यावा, हे त्यातले तत्त्व हास्यास्पद नव्हते.)

६/ डिसेंबर २०१६ मध्ये उबरने परवान्याविना चाचण्या सुरू केल्या, तेव्हा कॅलिफोर्नियाने तिच्या १६ मोटारींची नोंदणी रद्द केली. ॲरिझोनाचे गव्हर्नर डग ड्यूसी यांनी त्यांचे जाहीर स्वागत केले. टेम्पीतल्या त्या व्होल्वो मोटारीत कारखान्यातूनच आपत्कालीन ब्रेकची व्यवस्था होती. स्वयंचलित प्रणाली चालू असताना ती बंद ठेवली जाई. देखरेखीसाठी पूर्वी दोन माणसे बसत, पुढे एकच ठेवले गेले. त्या एकाचे लक्ष मोबाइलकडे होते.

७/ कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालकाच्या आसनावरील कर्मचाऱ्याने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला.

८/ समर्थक म्हणतात, माणसांच्या हातून जगभर दरवर्षी सुमारे १२ लाख माणसे रस्त्यावर मरतात. विलंबाचीही किंमत असते. युक्तिवाद पोकळ नाही. पण औषधाच्या चाचणीत रुग्णाची संमती घ्यावी लागते. येथे पायी चालणाऱ्याला कोणी विचारले? आधी बंदिस्त मैदानावर त्रयस्थ परीक्षा, मग परवाना, आणि प्रत्येक बिघाडाची जाहीर नोंद, इतके मागणे प्रगतीला विरोध कसे ठरते, हे मला कळलेले नाही.

९/ अपघातस्थळाजवळच्या दुभाजकावर विटांच्या सुबक पायवाटा बांधलेल्या होत्या. त्यांच्याच शेजारी, येथून रस्ता ओलांडू नये, अशा पाट्या होत्या.