मनीचं पथ्यपाणी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबे उघडले की हल्ली निम्मं टेबल डाएटवर असतं. कुणाच्या डब्यात नुसतं सॅलड, कुणी भातच सोडलेला. पण दोस्तहो, माझ्या ओळखीत सगळ्यात कडक पथ्य आहे ते आमच्या मनीचं. वय वर्षं 13, वजन 3 किलो 600 ग्रॅम आणि दोन्ही किडन्या थकलेल्या.

म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार अगदी कॉमन. पाणी जास्त पितात, लिटरमधले गोळे मोठे होतात, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. आणि गंमत बघा (गंमत कसली!), रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. मनीचं 3.2 निघालं. चारपैकी तिसरी स्टेज. डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, पण लांबवता येईल. आणि लांबवण्याचं मुख्य औषध म्हणजे तिची जेवणाची बशी!

फंडा असा आहे. सगळ्यांना वाटतं किडनी म्हणजे प्रोटीन बंद. पण खरा व्हिलन आहे फॉस्फरस. थकलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही, मग रक्तात साठतो आणि उरलीसुरली किडनीही बिघडवतो. म्हणून ‘रीनल डाएट’मध्ये फॉस्फरस बराच कमी, मीठ कमी आणि प्रोटीन बेताचं पण चांगल्या प्रतीचं. ते एकदम तोडून चालत नाही, कारण मांजर पक्कं मांसाहारी. वरणभातावर ठेवलंत तर अंगावरचं मांस झडतं. (आमच्या मजल्यावरच्या आजोबांना हे अजून पटलेलं नाही.)

हे कंपन्यांचं नुसतं मार्केटिंग असेल, असं मलाही वाटलं होतं. पण 2000 साली ब्रिटनमधला 50 मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे अन्न खाणाऱ्या मांजरांचं मध्यक आयुष्य निघालं 633 दिवस, न खाणाऱ्यांचं 264. मेख एवढीच, की गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कुणी खाल्लं, कुणी नाही, त्यावरून पडले. मग 2006 मध्ये अमेरिकेतला 45 मांजरांचा, रीतसर गट पाडून केलेला प्रयोग आला. दोन वर्षांत साध्या अन्नाच्या गटात किडनीमुळे 5 मृत्यू, रीनल डाएटच्या गटात एकही नाही. मला एवढा पुरावा पुरला.

मनीला नाही पुरला. तिने बशी हुंगली आणि फरशी खरवडून चक्क बशीच पुरायला घेतली!

इथे घरात दोन पार्ट्या पडल्या. आजोबा म्हणाले, ‘‘उपाशी ठेव गं, भूक लागली की झक मारत खाईल.’’ आई म्हणाली, ‘‘जाऊ दे ते पथ्य. थोडी सुकट घाल तिला. उपाशी मरण्यापेक्षा खाऊन मरू दे की.’’

आजोबांचं साफ चूक. मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं, त्यातून जाड असलं, तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि किडनीच्या आधी लिव्हरच घात करतं. आईचं अर्धं बरोबर. आधी खाणं, मग पथ्य. पण सुकट म्हणजे मीठ आणि काट्यांसकट फॉस्फरस. त्यापेक्षा तिचं जुनंच अन्न परत द्यायचं आणि त्यात नवं चमचा-चमचा वाढवत न्यायचं. आम्हाला पाच आठवडे लागले. तीन भाग नवं, एक भाग जुनं, इथे गाडी अडली ती अडलीच. डॉक्टर म्हणाले, असू दे, पोटात जातंय ना? उरलेल्यासाठी त्यांनी फॉस्फरस अडवणारी पावडर दिली. ती जेवणातच कालवायची, रिकाम्या पोटी उपयोग शून्य.

अजून एक. असं मांजर जेवत नाही ते दर वेळी नखरे म्हणून नाही. त्याला मळमळत असतं. बशीपाशी येतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं. मळमळीची आणि भुकेची औषधं असतात, डॉक्टरांकडे स्पष्ट विषय काढा. मळमळ चालू असताना नवं अन्न पुढे केलं की मांजर त्या वासाचाच धसका घेतं, तो सहजी जात नाही. म्हणून कडू गोळीही या अन्नात लपवायची नाही.

बाकी आपल्यासारख्यांचा खरा प्रॉब्लेम म्हणजे ऑफिस. ओलं अन्न चांगलं, कारण त्यात तीनचतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. कोरड्यात जेमतेम 10 टक्के. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान मुळात कमी, त्यामुळे पाणी असं जेवणातूनच घुसवावं लागतं. पण मे महिन्यात ओलं अन्न सकाळी 8 ते रात्री 8 बशीत ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. मी सकाळी, आल्यावर आणि झोपताना ओलं देते, दिवसभरासाठी कोरडं रीनल. फ्रीजमधलं थेट द्यायचं नाही, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायची. गार अन्नाला वास नसतो, आणि मांजर जेवतं नाकाने. घरचं चिकन अधूनमधून दोन तुकडे चालेल म्हणाले, कांदा-लसूण न लावता. आपल्या रश्श्यातलं तर कधीच नाही. कांदा मांजराला विषच.

रविवारी वजन. बाळांचा काटा आणलाय, कारण इथे 100 ग्रॅमही कमी झाले तर कळायला हवं.

दिवाळीत चार दिवस गावी जायचंय. शेजारच्या काकूंसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावून झाली: काकू, दूध नाही, सुकट नाही. तीन वाट्यांवर वार आणि वेळ लिहिली आहे. पाणी दोन ठिकाणी ठेवा. तिने दिवसभरात काहीच खाल्लं नाही तर लगेच मला फोन करा, रात्री दोन वाजले असले तरी.