खरे भांडवल माणसात आहे

भांडवल म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना माल, मशीन आणि दुकानाची पागडी आठवते. आमच्या मते शिकलेला, निरोगी आणि हुन्नर हाती असलेला माणूस हेच सर्वांत मोठे भांडवल होय. पण ते देशात सगळीकडे सारखे तयार होत नाही. २०११ च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के, महाराष्ट्राची ८२, तर बिहारची ६२ टक्क्यांच्या आतच होती.

हा नशिबाचा खेळ नव्हे. त्रावणकोर संस्थानाने १८१७ साली शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीवर घेण्याचे फर्मान काढले. शेजारचा इंग्रजी अमलाखालील मलबार मागे राहिला. पुढे सी. एच. मोहम्मद कोया शिक्षणमंत्री असताना १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ निघाले, आखातातील कमाई घरोघर येऊ लागली. २०११ मध्ये मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्याची साक्षरता ९३ टक्क्यांच्या वर होती. सरकारचे धोरण, जवळची शाळा आणि घरात येणारा पैसा एकत्र आले की मागासलेला भागही पुढे येतो.

याउलट, देशातील ६ ते १४ वयाची सुमारे पाव मुस्लिम मुले शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असे सच्चर समितीने २००६ साली सांगितले. शाळा आणि आयटीआय सरकारकडे मागितलेच पाहिजेत. पण दहावी होईपर्यंत पोराला मागावर वा गाळ्यावर न बसवणे आपल्याच हाती आहे. आजची त्याची मजुरी उद्याच्या कारागिराच्या, हिशेबनिसाच्या मोलाने पडते. हा सौदा तोट्याचा आहे.