मेंदूच्या वाटेवरची जाळी

उतारवयात हृदयाच्या तोंडाशी असलेली महाधमनीची झडप चुना साचून कडक होते. छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवण्याचे काम २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी प्रथम केले. पण त्यात जुन्या झडपेचे कण सुटतात. ते मेंदूत अडकले की पक्षाघात.

त्यावर सेंटिनेल नावाचे साधन निघाले. उजव्या मनगटातून नळी घालून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्यांत बारीक जाळ्या उघडायच्या, काम झाले की कणांसकट बाहेर काढायच्या. चहाची गाळणीच म्हणा! जाळीत कण दिसले की नातेवाइकांना वाटते, आपला माणूस वाचला.

हिशेब मात्र वेगळा निघाला. २०२२ साली ३,००० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. जाळी असताना हजारी २३ जणांना पक्षाघात, नसताना २९ जणांना. एवढा फरक योगायोगानेही पडतो. अपंग करणारे झटके तेवढे कमी दिसले. ब्रिटनमध्येही ७,६३५ रुग्णांवर हेच तपासले. २०२५ साली निकाल आला : हजारी २१ आणि २२. अपंगत्वातही म्हणण्यासारखा फरक नाही. मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी डावी वाहिनी तर उघडीच राहते, आणि काही झटके जाळी काढल्यानंतर येतात.

झडप बदलायची की नाही, हा प्रश्न वेगळा. डॉक्टर सांगत असतील तर ते लांबवू नका. पण जाळीचे जादा पैसे सांगितले, तर दागिना गहाण टाकण्याआधी विचारा : आमच्याच माणसाला ती कशासाठी? आणि जाळी असो वा नसो, नंतर तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी सिस्टरला बोलवा.