हजेरीतील दोन आवाज

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांचा सत्कार योजिला होता. इंदूरचा उन्हाळा कसा असतो, हे वाचकांस सांगावयास नको. सभागृहात वातानुकूलनाची सहा यंत्रे आहेत आणि कार्यालयाच्या भिंतीवर त्यांचा कारभार पाहणारा टचस्क्रीन. कोणते यंत्र केव्हा सुरू व्हावे, गारवा किती असावा, हे सारे या पडद्यावर बोट टेकवून ठरते. त्या सायंकाळी व्यासपीठाकडील बाजू तापली होती, सत्कारमूर्ती निमंत्रणपत्रिकेनेच वारा घेत होते, आणि पडद्यावर तिसऱ्या यंत्रापुढे मात्र 26 अंश हा सुखद आकडा झळकत होता! त्याखाली बारीक तांबड्या अक्षरांत ‘संपर्क नाही’ अशी सूचना होती; ती कोणी वाचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक भरली. पडदा बिघडला, देणगीनिधीतून नवा घ्यावा, असे ठरले. रोज सायंकाळी पडदा चालू करणारा पहारेकरी नको ते दाबून बसला असणार, असाही निष्कर्ष निघाला. ‘माटसाब, मैंने कुछ नहीं छेड़ा,’ एवढेच तो बिचारा आम्हांस म्हणाला. बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही गप्प बसलो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

सुदैवाने आमचा एक माजी विद्यार्थी याच व्यवसायात आहे. त्यास बोलावले. पडद्यास हातही न लावता त्याने कागदावर सहा आकडे मांडले. 1, 2, 4 आणि 5 उत्तर देत होते; 3 आणि 6 गप्प होते. सहावे यंत्र सज्जाचे. सज्जा त्या दिवशी बंद असल्याने ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ‘सर, चौघे बोलताहेत, म्हणजे पडदा धडधाकट आहे,’ तो म्हणाला.

मग त्याने रीत समजावली. सर्व यंत्रांतून तारांची एकच जोडी फिरते. पडदा एकेक क्रमांक पुकारतो आणि त्याच क्रमांकाच्या यंत्राने उत्तर द्यावयाचे. मॉडबस नावाची ही पद्धत मॉडिकॉन या कंपनीने 1979 मध्ये काढली. तीत यंत्रांना 1 ते 247 पर्यंत क्रमांक देता येतात. आम्ही म्हणालो, ‘अरे, ही तर वर्गातली हजेरी!’ तो हसला. ‘तसेच, सर. आता एका क्रमांकाला दोन मुले एकदम हजर म्हणाली तर?’

आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी सज्जातील यंत्राचे नियंत्रक कार्ड बदलले होते. नोंदवहीत तशी नोंद होती. नव्या कार्डावर 6 ऐवजी 3 हा क्रमांक राहिला होता. म्हणून तिसऱ्याच्या पुकाराला दोघांचा गोंगाट आणि सहाव्याच्या पुकाराला शांतता. पडद्याने तिसऱ्यास गैरहजर धरले व त्यास आज्ञा धाडणे थांबविले. 26 हा आकडा म्हणजे पूर्वी कानी पडलेले शेवटचे उत्तर! कार्डावरील चिमुकल्या स्विचांची ओळ नीट करताच दोन्ही यंत्रे बोलू लागली.

ज्या वाचकांच्या संस्थांत असे पडदे असतील त्यांच्यासाठी त्याने सांगितलेला क्रम येथे देतो. प्रथम कोण गप्प आहे ते लिहून काढावे. सारेच गप्प असतील तर पडद्यापासून निघणारी तार आणि बोलण्याचा वेग पाहावा. पडदा 9600 च्या वेगाने बोलतो आणि यंत्रे 19200 च्या वेगाने ऐकतात, असे असले तर संवाद होणे नाही. एका ठिकाणापासून पुढचे सारे गप्प असतील तर तार तेथे तुटली वा सुटली असण्याचा संभव. एकच गप्प असेल तर त्याचा वीजपुरवठा, क्रमांक आणि तारांची उलटापालट तपासावी. निरनिराळे कारखानदार त्याच दोन तारांना अ आणि ब ही नावे उलटसुलट देतात. संपर्क मधूनच तुटत असेल तर तार विजेच्या जाड केबलीला बिलगून गेली आहे काय, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना, केवळ टोकांनाच, 120 ओहमचे रोधक आहेत काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. खोके उघडणे मात्र तंत्रज्ञाचेच काम.

नव्या पडद्याची खरेदी रद्द झाली. राहिला पहारेकरी. पुढच्या बैठकीत आम्ही त्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि दोष कोठे होता ते सर्वांसमक्ष सांगितले. अध्यक्षांनी त्याची क्षमा मागितली; त्यांच्या मागोमाग आम्हीही मागितली. तेहेतीस वर्षे हजेरी घेणाऱ्या मास्तराने त्या पहिल्या बैठकीत त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावयास हवे होते.